वस्तूंना स्थळं पाहणारे काका

“मास्तर, कपाटाले एक स्थळ आलं हाय. चाल, पाहून येऊ!”

माझे घरमालक एका रविवारी सकाळी जिन्याखाली उभे राहून हे ओरडले, तेव्हा माझी दाढी अर्धी झाली होती. ‘कपाटाला स्थळ’ हे आपण नीट ऐकलं का, याचीच मला शंका आली. खिडकीतून डोकावलो तर काका धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला टोपी आणि खिशात मोजपट्टी अशा तयारीनं उभे. समोरच्या ओट्यावर बसलेली मंडळी हसू दाबत होती. मी उरलेली दाढी घाईघाईनं उरकली, हनुवटीला कापून घेतलं आणि खाली उतरलो. काकांना नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं की ते “काऊन?” असं विचारत, आणि त्यांच्या ‘काऊन’ची उत्तरं देत बसण्यापेक्षा मुकाट्यानं बरोबर जाणं सोपं पडे.

मी मूळचा मेहकरकडचा. चिखलीला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायची नोकरी लागली आणि बसस्टँडमागच्या गल्लीत काकांच्या घराची वरची खोली भाड्यानं मिळाली. काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सारी नोकरी लोकांच्या बांधावर उभं राहून कोणाची जमीन कुठवर आहे हे सांगण्यात गेलेली. दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असताना हा माणूस मधोमध शांतपणे खुंटी ठोकायचा, असं जुने लोक सांगत. नोकरी संपली, पण मोजण्याची खोड गेली नाही. घरापासून दूधवाल्यापर्यंत किती पावलं, दूधवाल्यापासून दवाखान्यापर्यंत किती, सगळं तोंडपाठ. मी खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि उंची मोजली.

“पाच फूट नऊ,” ते म्हणाले. “वरचा दरवाजा पाच फूट आठ हाय. पयल्या आठ दिवसांत तीनदा डोकं आपटन, मंग सवय होईन. चालते का?”

चालतं म्हणालो. आठ दिवसांत डोकं चार वेळा आपटलं. चौथ्या वेळी कपाळ चोळत खाली जाऊन मी गमतीनं तक्रार केली, तर त्यांनी अंदाज चुकल्याबद्दल खरोखर माफी मागितली.

खोटं बोलणं या माणसाला जमतच नसे. तत्त्वानं म्हणा की स्वभावानं म्हणा, ते अंगातच नव्हतं. कोणाच्या लग्नाला गेले तर यजमान हात जोडून “व्यवस्था कशी वाटली?” असं विचारत, आणि काका सांगत, “जेवन चांगलं होतं, पन मांडवाचा पूर्वेकडचा खांब कलला हाय.” आजारी मित्राच्या उशाशी बसून, “लय वाळला बे तू,” एवढं बोलून त्याला मोसंबी सोलून देत. लोक चिडत. पण जमिनीचा वाद निघाला, की तेच लोक “काकाले बोलवा” म्हणत. “जे जमिनीवर नाही, ते नकाशात काढता येत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते हेच ऐकवत, आणि काकू कपाळाला हात लावत.

तर त्या रविवारी आम्ही कपाटाचं स्थळ पाहायला निघालो. मेहकर रस्त्यावर आठ-दहा किलोमीटरवर एक खेडं आहे, तिथल्या एका शेतकऱ्याच्या मुलीनं कोणाकडून तरी ऐकून काकांना फोन केला होता, की तुमचं जुनं सागवानी कपाट द्यायचं आहे म्हणतात, ते मला मिळेल का. काकांनी विचार करायला चार दिवस घेतले आणि उलट फोन केला. तो नेमका मुलीच्या बापानं उचलला. काका त्याला म्हणाले, “रविवारी पाहाले येतो. संग एक मास्तर हायत.” आता घरात लग्नाची मुलगी असलेल्या बापाला असा फोन आला, तर त्यानं दुसरं काय समजावं?

आम्ही पोहोचलो तर ओसरीवर नवी सतरंजी, दोन म्हातारे टोपी घालून बसलेले, आणि आल्या आल्या लिंबू पिळलेले पोहे. मला वाटलं, भारी अगत्याची माणसं आहेत. एक म्हातारा माझ्याकडे वळला.

“सर परमनंट हायत का?”

“हो.”

“शेतीगिती?”

“चार एकर आहे, मेहकरकडं.”

“भाऊ किती?”

कपाट ठेवायला माझे भाऊ कशाला मोजतात, हे मला कळेना. पण पोहे छान झाले होते, म्हणून मी उत्तरं देत राहिलो. तेवढ्यात काकांनी घसा खाकरला आणि मुद्द्याला हात घातला.

“आमची अट एकच. ओलीच्या जागी ठेवाचं नाही. अन् पाठ भिंतीले चिकटवाची नाही, चार बोटं जागा सोडाची.”

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाप हळूच म्हणाला, “ते ठीक हाय हो. पन देन्याघेन्याचं?”

“कायचं देनंघेनं? आमाले काहीच नको. टेम्पोसुद्धा आमीच करून देऊ.”

बापाचे डोळे भरून आले. काका आणखी प्रामाणिक झाले. “एक खोट हाय, ते आधीच सांगून ठेवतो. पावसाळ्यात डावं दार फुगते. तेव्हा जोर लावाचा नाही. थोडं वर उचलून ओढलं की येते.”

“कोनाचं दार?” बाप म्हणाला.

एवढ्यात आतून मुलगी चहा घेऊन आली. साधा पंजाबी ड्रेस, केसांत पेन खोचलेलं. ट्रे खाली ठेवून ती म्हणाली, “बाबा, ते कपाट द्याले आले हायत. मले पाहाले नाही. तुमाले तीनदा सांगतलं मी.”

मग सर्वात थोरला म्हातारा असा हसायला लागला, की त्याला ठसका लागून पाणी द्यावं लागलं. माझे कान तापले होते. काकांना मात्र यात हसण्यासारखं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते उठले, मुलीनं दाखवलेला कोपरा मोजला, भिंतीवर तळहात ठेवून ओल पाहिली, आणि तिला विचारलं की कपाटात काय ठेवशील. ती तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती. तिची पुस्तकं खताच्या रिकाम्या पोत्यात भरून ठेवलेली होती. काकांनी त्यातलं एक पुस्तक काढून पाहिलं, पोतं पाहिलं, आणि “देलं,” म्हणाले. माझं लग्न त्या घरात झालं नाही, हे आताच सांगून टाकतो. ती मुलगी मात्र पुढे तलाठी झाली.

चार दिवसांनी ती आणि तिचा बाप टेम्पो घेऊन कपाट न्यायला आले, तेव्हा गल्लीनं जे पाहिलं, त्याची चर्चा पुढे महिनाभर पुरली. काकूंनी कपाट पुसून काढलं. दाराला हळदीकुंकू लावलं. मधल्या कप्प्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ आणि खण ठेवून रीतसर ओटी भरली. मग कपाटाला मिठी मारून त्या रडल्या. मुलगी सासरी जाताना आई रडते तशाच रडल्या. त्या मुलीचा हात धरून म्हणाल्या, “पोरी, जीव लाव तिला. आमच्याकडं कधी कोणी मोठ्यानं दारसुद्धा आपटलं नाही.” काका वेशीपर्यंत टेम्पोमागे चालत गेले. कोणीतरी मोबाइलवर या सगळ्याचं चित्रण करून गावभर पाठवलं. दोघं नवराबायको म्हातारपणी कामातून गेले, असं लोक म्हणायला लागले. मीही कॉलेजात शिक्षकांच्या खोलीत हा किस्सा हातवारे करून दोनदा सांगितला, याची मला आज लाज वाटते.

कारण खरं काय होतं, ते मला माहीत होतं.

काकूंना दोन वर्षांपासून विसर पडायला लागला होता. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं. मग एकदा कोथिंबीर आणायला म्हणून गेल्या आणि देऊळगाव राजाच्या बसमध्ये जाऊन बसल्या. देऊळगाव राजा त्यांचं माहेर. ओळखीच्या कंडक्टरनं उतरवून घरी आणून सोडलं. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हा आजार मागे फिरणारा नाही. एकुलती एक मुलगी नागपूरला असते. ती म्हणाली, बाबा, इकडे या, मी आहे, चांगले दवाखाने आहेत. काका नागपूरला जाऊन तिचा फ्लॅट मोजून आले आणि मला म्हणाले, “आमी दोघं मावतो. सामान नाही मावत.” मग घर विकायचं ठरलं आणि एकेक वस्तू द्यायला सुरुवात झाली.

पहिली गेली शिलाई मशीन. काकांचा पुतण्या एका दुपारी आला, मशीन उचलून रिक्षात टाकली आणि गेला. काकू तेव्हा झोपल्या होत्या. उठल्यावर मशीन दिसेना. त्यांनी पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं, शेजारणीकडे जाऊन भांडून आल्या. माझ्या खोलीत येऊन माझी गादी उलटी केली आणि म्हणाल्या, “बापू, तुला पाहिजे होती तर मागायची. चोरायची कशाला?” काका दर वेळी खरं सांगत, की पुतण्याला दिली. दर वेळी त्या हो म्हणत, आणि तासाभरानं पुन्हा शोधायला लागत. चार दिवस त्यांनी धड जेवण केलं नाही.

दुसरा गेला पाणी तापवायचा तांब्याचा बंब. तो न्यायला शेजारची एक म्हातारी आली होती, तोंडाची भारी फटकळ. निघताना तिनं थट्टेनं बंबाला कुंकू लावलं आणि म्हणाली, “चालली वं माय सासरी!” काकू दारात उभ्या होत्या. त्या एकदम आत गेल्या आणि वाटीत दही, सुपात तांदूळ असं घेऊन आल्या. बंबाच्या तोंडात तांदूळ घातले, झाकणाला दही लावलं, डोळ्याला पदर लावला. कोणी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकांनी घाबरत घाबरत विचारलं, बंब कुठं आहे? तर काकू म्हणाल्या, “असं काय करता? काल दिला नाही का आपण तिकडं? सुखात असंल.” आणि भाकऱ्या थापत राहिल्या.

इतकं सगळं पुसलं गेलं होतं, पण लेक सासरी पाठवायची रीत हातांच्या लक्षात राहिली होती. काकांनी हे बरोबर हेरलं. त्या दिवसापासून घरातली एकही वस्तू ओटी भरल्याशिवाय बाहेर गेली नाही. आणि सासर म्हटलं, की ते चांगलं आहे की नाही हे पाहणं आलंच. त्यासाठी मोजपट्टी होतीच. दिवाण एका निवृत्त कंडक्टरकडे गेला. तो आमच्याच गल्लीतला, म्हणून काका त्याला घरजावई म्हणत. पाटा-वरवंटा गेला, पितळी डबे गेले. एका माणसानं पितळी घंगाळ मागितलं, पण त्याला ते हॉटेलाच्या दारात फुलझाड लावायला पाहिजे होतं. काकांनी पाहुण्यांना चहा पाजला आणि “पत्रिका जुळत नाही,” म्हणून परत पाठवलं. महिन्याभरानं ते दिलेल्या वस्तूंची खुशाली विचारायला जात. आल्यावर काकूंना सगळं खरं सांगत. दार थोडं घासते, पण पुस्तकं नीट ठेवली हायत. काकू समाधानानं मान डोलवत.

मला वाटतं, इतकं प्रेमाचं वेड मी दुसरं पाहिलं नाही. पण त्याच माणसाचा मला एका गोष्टीवरून संतापही यायचा.

काकू संध्याकाळी विचारत, “आई कुठं हाय माझी?” काकूंची आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या म्हणतील त्याला हो म्हणा, वेळ मारून न्या. मुलगी फोनवर हेच बजावत होती. पण काका समोर बसायचे, त्यांचा हात हातात घ्यायचे आणि सांगायचे, “तुही आई वारली, अवं. तू गेली होती मातीले.” आणि काकूंना ते पहिल्यांदाच कळल्यासारखं होई. त्या छाती पिटून रडत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तेच रडणं. वर माझ्या खोलीत ऐकू यायचं. एकदा मला राहवलं नाही. मी खाली जाऊन काकांना नको ते बोललो. म्हणालो, हा खरेपणा नाही, छळ आहे. एक खोटं बोललात तर काय बिघडेल?

त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, “मास्तर, मी हिले लग्न झाल्यापासून एकदाही खोटं नाही सांगतलं. तिले समजे तवा नाही सांगतलं. आता समजत नाही म्हनून सांगू? मंग ते फसवनं नाही झालं?”

मी जिना चढून वर आलो.

जायचा दिवस आला. मुलगी नागपूरहून गाडी घेऊन आली होती. घर रिकामं झालं होतं. काकूंना सकाळी न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं. सामानाच्या चार पिशव्या गाडीत गेल्या. आणि काकू दारात बसल्या. दोन्ही हातांनी चौकट धरली आणि म्हणाल्या, “मी नाही येत.”

मुलीनं समजावलं, मी समजावलं, शेजारणींनी समजावलं. त्या एकच म्हणत, “घरधनी मोजणीवर गेलेत. ते आल्याबगर घर सोडून कशी जाऊ? उपाशी येतील ते.”

काका पुढे झाले. उकिडवे बसले. “अवं, मीच तो. पाय ना माह्याकडे. मोजनी संपली कईच. आपन दोघं चाललो पोरीकडे.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग पदर डोक्यावरून पुढे ओढला, परक्या पुरुषासमोर ओढावा तसा, आणि म्हणाल्या, “तुम्ही कोण बाबा? आमच्या यांचे केस काळेभोर आहेत.”

मुलगी हुंदका देऊन आत पळाली. काका तसेच बसून होते. मला वाटलं, ते आता लग्नाचा फोटो आणतील, आधार कार्ड आणतील, खरं काय ते सिद्ध करतील. एवढंच त्यांना आयुष्यभर येत होतं. चौकट धरलेली काकूंची बोटं पांढरी पडली होती. काका त्या बोटांकडे पाहत राहिले.

मग ते उठले आणि बाजूच्या बोळातून निघून गेले. पाच-सात मिनिटं गेली. आम्हाला वाटलं, तोंड लपवायला गेले असतील. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. काका बाहेरून येत होते. तोंड धुतलेलं, टोपी नीट बसवलेली, खांद्यावर उपरणं, हातात शेजाऱ्याकडची एक कापडी पिशवी. अंगणात येऊन त्यांनी चपला काढल्या आणि पाहुण्यासारखे दारापासून लांब उभे राहिले.

“बाई,” ते म्हणाले. त्यांचा आवाज मी ओळखला नाही. “मी देऊळगावाहून आलो. मुराळी म्हनून. आईनं तुले माहेरी न्यायले पाठवलं.”

काकूंचे हात चौकटीवरून सुटले. “आईनं?”

“हो.”

“बरी हाय का आई?”

क्षणभर ते थांबले.

“बरी हाय,” काका म्हणाले. “तुही वाट पाहून राह्यली.”

काकूंचा चेहरा उजळला, आणि लगेच पुन्हा काळजीत पडला. “पण यांना विचारलं का, दादा? यांना न विचारता कशी येऊ?”

“इचारलं. बांधावर भेटूनच आलो. ते म्हनले, खुशाल जाऊ द्या तिले. लय दिवस झाले, माहेरी गेली नाही. घराकडं मी पाहीन, म्हनले.”

“रागावले नाहीत?”

“नाही, बाई. रागावतीन कायले?”

गल्लीतल्या बायका रडत रडत पुढे झाल्या. त्यांनी काकूंची ओटी भरली. ती फटकळ म्हातारी सगळ्यांत जास्त रडत होती. काकू सगळ्यांना नमस्कार करून गाडीत बसल्या, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघालेल्या मुलीसारख्या हसऱ्या. काका त्यांच्या शेजारी बसले नाहीत. मुराळी बसतो तसे ते पुढे बसले, ड्रायव्हरजवळ. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी गेल्यावर मी वर जाऊन दार लावून घेतलं आणि पोटभर रडून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी बोर्डाच्या कामासाठी नागपूरला गेलो होतो, तेव्हा त्यांच्याकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. गॅलरीत काकू खुर्चीवर बसलेल्या, आणि काका खाली बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. काकू जरा भरल्यासारख्या दिसत होत्या. मुलगी म्हणाली, आता रडत नाही, वेळेवर जेवते, फक्त बाबांना दादा म्हणते. काकांनी मला पाहिलं, डोळ्यांनीच बस म्हणून सांगितलं. दाणे एका वाटीत, टरफलं पेपरावर. मध्येच एखादा दाणा काकूंच्या हातावर ठेवायचे.

“कुठून आला बापू?” काकूंनी विचारलं.

“चिखलीहून.”

त्या एकदम ताठ बसल्या. “चिखलीहून? मग आमचे हे भेटत असतील तुला. कसे आहेत?”

मी काकांकडे पाहिलं. ते शेंग फोडत होते. “बरे आहेत,” मी म्हणालो.

“त्यांना एक निरोप सांग,” काकू म्हणाल्या. मग शेजारी दादा बसलाय म्हणून लाजल्या आणि आवाज खाली आणला. “म्हणावं, मी लई दिवस राहिले माहेरी. इथं सगळे चांगले आहेत. दादा तर लई जीव लावतो. पण आपलं घर ते आपलं घर. रागावले असले तर राग सोडा म्हणावं. आणि मला न्यायला या.”

मी हो म्हणालो. चहा घेतला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि निघालो. काका मला सोडायला तीन जिने उतरून खाली आले. फाटकाशी आम्ही दोघं उभे राहिलो. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या.

“निरोप दे,” ते म्हणाले.

“कोणता?”

“तिनं देला तो. ज्याले देला त्याले पोचव ना.”

“काका, तुम्ही तिथंच बसला होता.”

“तिथं तिचा भाऊ बसला होता,” काका म्हणाले. “मले काही ऐकू नाही आलं.”

मग मी तो निरोप त्यांना सांगितला. एकही शब्द न गाळता, जसाच्या तसा. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटचं वाक्य झाल्यावर त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली.

“रागावलो नाही म्हन,” ते म्हणाले. “अन् म्हन, येतो.”

“सांगतो. पुढच्या खेपेला आलो की सांगतो.”

“पुढच्या खेपेले काऊन?” काका म्हणाले. “तिले आता कळते तेवढं पुढं कळन का? आताच चाल.”

आम्ही पुन्हा तीन जिने चढलो. काकू तिथंच बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “काकू, काका भेटले. रागावले नाहीत म्हणाले. तुम्हाला न्यायला येतो म्हणाले.”

काकूंनी दोन्ही हातांनी पदर सारखा केला. गालांवर अशी लाली आली, की मीच दुसरीकडे पाहिलं.

“दादा, ऐकलं का?” त्या म्हणाल्या. “ते येऊन राहिलेत.”

“ऐकलं, बाई,” काका म्हणाले, आणि खाली बसून शेंगा सोलायला लागले.